कॉम्प्युटरला लाट दिसत नाही, ठिपके दिसतात

सिग्नल प्रोसेसिंग शिकायला घेतलं की बरेच जण फूरिए-लाप्लासच्या गणितातच अडकतात आणि तिथंच सोडून देतात. मला विचाराल तर सुरुवात सरळ जीएनयू ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडून करा. फुकट आहे, मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरचा बराचसा कोड त्यात तसाच चालतो, आणि पायथॉन येत असेल तर त्याच्या नमपाय, सायपाय या लायब्ररी आहेतच.

आता हे करून बघा. सेकंदाला 1000 सॅम्पल (म्हणजे लाटेवरचे ठराविक अंतराने मोजलेले ठिपके) धरून 100 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 आवर्तनांची, कोसाइन लाट काढा, मग तेच सॅम्पलिंग ठेवून 900 हर्ट्झची काढा आणि दोन्ही एकाच आलेखात टाका. तंतोतंत एकच येतात! कोड चुकलेला नाही, प्लॉटही बरोबर आहे, पण सेकंदाला 1000 ठिपके असले की 500 हर्ट्झच्या वरचं काही त्यात मावतच नाही, ते दुमडून खालच्या फ्रिक्वेन्सीच्या रूपात येतं. हेच एलियासिंग. आणि एकदा का ते झालं की मग कुठलाही फिल्टर लावा, नुसते ठिपके बघून मूळ लाट 100 ची होती की 900 ची हे सांगताच येत नाही. म्हणून नको त्या फ्रिक्वेन्सी सॅम्पलिंगच्या आधीच कापतात, आणि माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं म्हणून सीडीवर त्याच्या दुपटीहून जास्त, सेकंदाला 44,100 सॅम्पल असतात.

सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे हे झटपट काढणाऱ्या एफएफटीची तर एका ओळीची कमांड आहे. 1965 साली कूली आणि ट्यूकी यांनी मांडलेल्या या पद्धतीमुळे 1024 ठिपक्यांसाठी जिथं दहा लाखांवर गुणाकार लागायचे तिथं काम दहा हजारांच्या आसपास येतं.

सिस्टिम मॉडेलिंगमध्ये, म्हणजे एखादी गोष्ट वेळेनुसार कशी बदलते ते समीकरणातून काढताना, हेच ठिपके भेटतात, फक्त तिथं त्यांच्यातल्या अंतराला स्टेप म्हणतात. समजा एक्स ही राशी स्वतःच्या 10 पट दराने घटतेय आणि सुरुवात 1 पासून आहे. ऑयलरच्या साध्या पद्धतीनं (आत्ताचा दर गुणिले स्टेप, इतका बदल दर वेळी मिळवत जायचं) 0.05 सेकंदाची स्टेप घेतली तर 1, 0.5, 0.25 असं छान शून्याकडे जातं. 0.25 घ्या, की 1, उणे 1.5, 2.25, उणे 3.375... शांत होणारी सिस्टिम स्क्रीनवर फुटायला लागते. समीकरण तेच बरं का! ओडीई 45 सारखा, अशी समीकरणं सोडवणारा तयार सॉल्व्हर स्टेप आपोआप लहान-मोठी करतो, पण आधी स्वतःच्या हाताने लूप लिहून हे फुटणं बघाच, आणि नंतर कुठल्याही मॉडेलची स्टेप निम्मी करून ते परत चालवा, उत्तर लक्षात येण्याइतकं बदललं तर अजून लहान करा.