लपण आणि कॅमोफ्लाज जाळी: दिसायला सारखी, कामाला वेगळी

झाडपाल्याची नक्षी छापलेलं कापड चार काठ्यांवर टाकलं की पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी दडून बसायचं लपण (हाइड) तयार, असा समज बऱ्याच जणांचा असतो. मग अंगणातल्या चिमणीएवढ्या पक्ष्यांसाठी दोन-दोन तास त्या कापडाआड बसायचं, आणि पक्षी मात्र कुंपणावरून पुढे सरकत नाहीत. कापड बदलून पाहिलं, रंग बदलून पाहिला, तरी तेच. कारण लपण आणि कॅमोफ्लाज या दोन वेगळ्या युक्त्या आहेत आणि अर्धी ही, अर्धी ती केली तर एकही चालत नाही.

लपण म्हणजे बंद, आतून अंधारी पेटी. आत तुम्ही मान वळवा, बॅटरी बदला, पाय ताणा. बाहेर काही कळत नाही. कॅमोफ्लाज म्हणजे आजूबाजूच्या रंगांत मिसळणारी, अंगावर घ्यायची जाळी. ती फक्त माणसाच्या आकाराची रेषा मोडते. खांदे आणि डोकं ओळखू येत नाही, पण हात हलला की हललेला दिसतोच. आणि लहान पक्षी आधी पाहतात ती हालचाल. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोर दाणे टिपतानाही बाजूचं बरंच काही नजरेत असतं. लुकलुकणारा दिवा सेकंदाला साधारण 60 वेळांच्या पुढे गेला की आपल्याला सलग पेटलेला वाटतो. काही लहान पक्ष्यांना तो 130 वेळांपर्यंतही लुकलुकताना दिसतो. आपण ‘हळूच’ उचललेला कॅमेरा त्यांच्यासाठी फारसा हळू नसतो.

म्हणून लपणाचा रंग ही सगळ्यात शेवटची काळजी. तपकिरी, राखाडी, गडद हिरवा, काहीही चालतो. पाहायचं ते हे की कापडातून उजेड आरपार येत नाही ना, आणि ते वाऱ्यावर फडफडत नाही ना.

एका माणसाला बसण्यापुरता सांगाडा 1.2 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि 1.5 मीटर उंच पुरतो. 25 मिलिमीटर जाडीचा पीव्हीसी पाइप घ्या: 1.5 मीटरचे 4 उभे तुकडे, 1.2 मीटरचे 8 आडवे, आणि कोपऱ्यांसाठी तीन तोंडांचे 8 जोड. पाइप एकूण 15.6 मीटर लागतो. जोड चिकटवू नका, म्हणजे सांगाडा सुटा करून ठेवता येतो. चार भिंती, छत, दाराशी 30 सेंटिमीटरची दुमड आणि जमिनीवर लोळणारी 20 सेंटिमीटरची झालर धरून साधारण 10 ते 11 चौरस मीटर कापड लागतं. झालरीवर विटा ठेवा. ती मोकळी राहिली की खालून वारा शिरतो आणि अख्खी भिंत फुगून आपटते. त्या एका फटक्याने अर्ध्या तासाची शांतता जाते.

लेन्ससाठी पुढच्या भिंतीत 20 बाय 30 सेंटिमीटरची खिडकी कापा आणि तिला इलॅस्टिक लावलेली कापडी बाही शिवा. बाही लेन्सच्या तोंडावरच्या नळीभोवती (हूडभोवती) आवळून बसली पाहिजे. लेन्स जितकी कमी बाहेर येईल तितकं बरं, कारण बाहेर आलेली नळी वळताना दिसते. लपण उभं केल्या दिवसापासून त्या बाहीत काळी बाटली किंवा पाइपचा तुकडा खोचून ठेवावा. पक्ष्यांना त्या भोकातलं काळं गोल आधीच ओळखीचं होतं.

आता मुख्य चूक. फोटोसाठी सूर्य पाठीमागे हवा, म्हणून लपणही सूर्याकडे पाठ करून उभं राहतं. मागची भिंत पातळ असेल तर ऊन तिच्यातून आत येतं आणि पुढच्या भिंतीवर तुमची सावली बाहुल्यांच्या खेळासारखी नाचते. तुम्हाला आतून काहीच जाणवत नाही; पक्ष्याला सगळं दिसतं. मागची भिंत आणि छत दुहेरी करा, आतून काळं अस्तर लावा, अंगावर गडद शर्ट घाला. मग ज्या वेळी फोटो काढणार त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी पक्षी बसणार त्या फांदीपाशी उभं करा आणि आत हात हलवा. त्याला काही हललेलं दिसलं तर भिंत अजून पातळच आहे.

सकाळच्या सावलीचा हिशोबही करून ठेवावा. सूर्य क्षितिजापासून 20 अंशांवर असताना दीड मीटर उंच लपणाची सावली जमिनीवर 4 मीटरच्या थोडी पुढे जाते. म्हणजे 4 मीटरवर जमिनीत ठेवलेलं पाण्याचं ताट नेमकं अंधारात. त्याच अंतरावर 1 मीटर उंचीवरची फांदी मात्र उन्हात असते. ताटाचे फोटो हवे असतील तर लपण सूर्याच्या रेषेतून थोडं बाजूला घ्या.

हे 4 मीटर का? 400 मिलिमीटरच्या लेन्समधून 15 सेंटिमीटरचा पक्षी या अंतरावर फुल फ्रेम (36 मिलिमीटर रुंद) सेन्सरची साधारण 45 टक्के रुंदी व्यापतो. शेपटी कापली जात नाही आणि क्रॉपही करावं लागत नाही. मात्र लेन्सचं छिद्र एफ 5.6 ला ठेवलं तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, जेमतेम 3 ते 3.5 सेंटिमीटर मिळते. म्हणून फांदी लेन्सला काटकोनात, आडवी बांधावी. लेन्सच्या दिशेने आलेल्या फांदीवर डोळा स्पष्ट आणि शेपटी धूसर येते. फांदी लेन्सच्याच उंचीवर आणि पार्श्वभूमी तिच्या मागे निदान 4-5 मीटर. टुणटुणणाऱ्या पक्ष्याला शटर 1/1000 सेकंद, उडी घेतानाचं चित्र हवं असेल तर 1/2000 किंवा वर. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल, तर चित्र ओळीमागून ओळ हळू वाचणाऱ्या सेन्सरवर फडफडणारे पंख वाकडे येतात.

लपणाची खरी ताकद सवयीत आहे. ते फांदीपासून 10 मीटरवर रिकामं उभं करा, दोन दिवसांनी 7 वर, मग 4 वर आणा. आठवड्याभरात ते पक्ष्यांसाठी अंगणातलं आणखी एक खोकं होतं. रोज जागा बदललीत तर रोज पहिला दिवस. आत शिरताना शक्यतो दोघांनी जावं आणि एकाने निघून जावं. माणूस गेला एवढंच पक्ष्यांना पुरतं.

जाळीला अशी सवय लागू शकत नाही, कारण ती तुमच्याबरोबर येते आणि जाते. प्रत्येक वेळी तुम्ही नवीनच. तिचं काम वेगळं: लपणाला जागा नाही, किंवा पक्षी ठरलेल्या फांदीवर येतच नाहीत, झुडपाच्या कडेकडेने फिरतात, अशा वेळी ती उपयोगी. दोन बाय तीन मीटरची जाळी डोक्यावरून टाकावी आणि पाठीला झुडूप किंवा खोड हवंच. मोकळ्या आकाशासमोर बसलात तर कितीही पानं छापलेली असोत, काळा ढिगारा दिसतो. बारीक नक्षीचंही तेच होतं: लांबून ठिपके मिसळून एकच गडद आकार उरतो, म्हणून हातभर लांबीचे, एकमेकांपासून ठळक वेगळे पट्टे निवडा. शुभ्रता आणणाऱ्या पावडरने जाळी धुऊ नये. त्यातली चमक देणारी रसायनं अतिनील किरण शोषून निळसर उजेड फेकतात, आणि बरेच लहान पक्षी तर अतिनीलही पाहतात. कॅमेरा आधीपासून ट्रायपॉडवर, डोळा व्ह्यूफाइंडरला, हात जाळीच्या आत. लेन्स वळवायला तीन-चार सेकंद घ्या, आणि पक्ष्याने डोकं खाली घातलेलं असतानाच वळवा.

घरट्यापाशी मात्र दोन्ही नकोत. आई-बाप आत यायला कचरले की पिल्लं उपाशी राहतात, आणि दुरून पाहणाऱ्या कावळ्याला घरट्याचा पत्ता आयता मिळतो.

लपणात जाळीला एक जागा आहे खरी: लेन्सच्या खिडकीच्या वर, बघण्यासाठी ठेवलेल्या फटीत. तिथे गडद, बारीक विणीची जाळी आतून ताणून लावली की अंधारातून बाहेरचं सगळं दिसतं आणि तुमचा गोरा-सावळा चेहरा बाहेर झळकत नाही. लेन्ससमोर मात्र तीच जाळी आणू नका. लेन्सचं छिद्र मोठं उघडलेलं असताना ती फोटोत दिसत नसली तरी सगळं चित्र दुधट, उतरलेलं येतं.