फेलओव्हर झाला, पण जुना प्रायमरी परत कसा आणायचा?

एक सर्व्हर (प्रायमरी) पडला की राखीव सर्व्हरने (स्टँडबाय) काम उचलायचं, म्हणजे फेलओव्हर; ही सोय जुनीच. टँडेम या संगणक कंपनीची नॉनस्टॉप यंत्रणा 1976 मध्ये आली, डेक या कंपनीचा व्हॅक्सक्लस्टर (एकत्र जोडलेले संगणक) 1983 मध्ये. यंत्र बिघडलं तर काय, याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. मात्र टँडेममधलेच संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी 1985 मध्ये ग्राहकांकडच्या बिघाडांचे अहवाल चाळले, तर 42 टक्के बिघाड देखभाल आणि हाताळणीतून आलेले निघाले. हार्डवेअरचा वाटा होता 18 टक्के. सुटे भाग दुप्पट केले तरी हाताळणारी माणसं तीच.

डेटाबेसच्या बाबतीत खरी गोम परतीच्या वाटेवर असते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्ट्रीमिंग रिप्लिकेशन (प्रायमरीतले बदल सतत स्टँडबायकडे पाठवत राहणं) 2010 मध्ये, 9.0 आवृत्तीत आलं. स्टँडबायला प्रायमरी करणं म्हणजे आता एका कमांडचं काम. पण पडलेल्या प्रायमरीच्या लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) स्टँडबायपर्यंत न पोचलेले व्यवहार उरलेले असू शकतात. म्हणून जुना प्रायमरी तसाच परत जोडता येत नाही. पूर्वी पूर्ण डेटा नव्याने उतरवून घ्यावा लागे. 2016 च्या जानेवारीत 9.5 आवृत्तीबरोबर पीजी_रिवाइंड हे साधन आलं. दोघांची वाट जिथे फुटली तिथपासून बदललेले ब्लॉक तेवढे ते नव्या प्रायमरीवरून आणतं. मात्र त्यासाठी डेटा चेकसम (डेटा बिघडला का, हे तपासणारी सोय) किंवा वॉल_लॉग_हिंट्स ही सेटिंग आधीपासून चालू हवी. सराव न करणाऱ्याला हे नेमकं ऐन वेळी कळतं!

बॅकअपचीही तीच गत. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेत रिप्लिकेशन दुरुस्त करताना चुकून प्रायमरीचाच डेटा पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर ते होतच नव्हते: पोस्टग्रेस 9.6 आवृत्तीचा आणि बॅकअप काढणारं साधन पीजी_डंप चालत होतं 9.2 चं. त्या अपयशाचे इशारे देणारे ईमेलही परस्पर नाकारले जात होते. शेवटी सहा तास आधी काढलेल्या स्नॅपशॉटवर (डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीवर) भागवावं लागलं.

21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब या अशाच सेवेचं नेटवर्क 43 सेकंद तुटलं. फेलओव्हर आपोआप घडवणाऱ्या ऑर्केस्ट्रेटर या सॉफ्टवेअरने ठरल्याप्रमाणे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मायएसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हर प्रायमरी केले. तोवर पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी झाल्या होत्या, त्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. घडी पूर्ववत बसायला 24 तास 11 मिनिटं लागली. त्यानंतर गिटहबने ऑर्केस्ट्रेटरला एका प्रदेशाबाहेरचा सर्व्हर प्रायमरी करायला मनाई केली.