सिअ‍ॅटलच्या यादीत ‘जात’ कशी आली

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या सिअ‍ॅटल शहरात सिटी कौन्सिलने सहा विरुद्ध एक मतांनी भेदभावविरोधी कायद्यात एका शब्दाची भर घातली. तो शब्द जात. अमेरिकेतल्या एखाद्या शहराने असं करण्याची ही पहिलीच वेळ. ठराव मांडणाऱ्या कौन्सिल सदस्य क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला आणि लहानपण मुंबईतलं. पण हा शब्द ज्या यादीत जाऊन बसला, म्हणजे कोणकोणत्या आधारांवर भेदभाव करता येत नाही त्यांची यादी, ती १९६८ पासून वाढत आलेली आहे, आणि तिच्यामागचा मानवी हक्क आयोग तिच्याही आधीचा. तो आयोग कसा जन्मला, सुरुवातीला का लंगडा ठरला आणि पुढे त्याला बळ कुठून मिळालं हे कळलं, तरच त्या एका शब्दाचं मोल लक्षात येतं.

सुरुवात घरांपासून झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिअ‍ॅटलमधल्या कितीतरी वस्त्यांच्या खरेदीखतांत एक अट असे: या जागेत गोऱ्यांशिवाय दुसऱ्या कोणी राहू नये, मात्र मालकाच्या घरात काम करणारे नोकर असतील तर चालेल. घरात भांडी घासायला चालेल, शेजारी म्हणून चालणार नाही. ही अट आपल्याकडच्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असं ठरवलं. कागद मात्र तसेच राहिले आणि दलाल, बँका, मालक यांचा व्यवहारही तसाच राहिला. परिणामी शहरातली बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं सेंट्रल डिस्ट्रिक्ट या एकाच भागात कोंडली गेली. चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांनाही याच अटींचा जाच होता.

१ जुलै १९६३ रोजी तरुण कार्यकर्त्यांनी महापौरांच्या कार्यालयात धरणं धरलं. मागणी होती घरविक्रीत आणि भाड्यात भेदभावाला बंदी घालणाऱ्या कायद्याची. त्याच महिन्यात कौन्सिलने कायद्याऐवजी आयोग दिला. बारा जणांच्या या मानवी हक्क आयोगात कृष्णवर्णीय सदस्य दोनच होते. ज्यांच्या प्रश्नासाठी आयोग नेमला त्यांनाच त्यात इतकी थोडी जागा, म्हणून कार्यकर्ते पुन्हा कौन्सिलच्या सभागृहात जाऊन बसले आणि वीसहून अधिक जणांना अटक झाली.

तरी आयोगाने सोपवलेलं काम केलं आणि घरांसंबंधीच्या कायद्याचा मसुदा तयार केला. कौन्सिलवर निवडून आलेले पहिले आशियाई अमेरिकन सदस्य विंग ल्यूक यांनीही त्यासाठी जोर लावला. पण कौन्सिलने मसुदा स्वतः मंजूर न करता सार्वमताला टाकला. १० मार्च १९६४ ला मतदान झालं आणि दोनास एक अशा प्रमाणात मतदारांनी तो फेटाळला. अल्पसंख्याकांच्या हक्काचा निर्णय बहुसंख्याकांच्या मतपेटीवर सोडला की काय होतं, त्याचं हे सरळ उदाहरण. पुढची चार वर्षं आयोग होता, पण त्याच्या हातात कायदा नव्हता. कोणाला घर नाकारलं तर ऐकून घेणं आणि समजूत घालणं, यापलीकडे तो जाऊ शकत नव्हता.

१९६७ मध्ये सॅम स्मिथ कौन्सिलवर निवडून आले. कौन्सिलमधले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला देशपातळीवरचा गृहनिर्माण कायदा आला. १९ एप्रिलला सिअ‍ॅटल कौन्सिलने स्वतःचा कायदा एकमताने मंजूर केला. त्यात तातडीचं कलम घातलं होतं. असं कलम असलेला कायदा लगेच लागू होतो आणि त्याला सार्वमतात ओढता येत नाही. १९६४ चा धडा कौन्सिल विसरलं नव्हतं. पुढच्या वर्षी शहराने मानवी हक्कांसाठी स्वतंत्र खातं उघडलं. आज त्याचं काम नागरी हक्क कार्यालय करतं.

१९६८ च्या यादीत वंश, वर्ण, धर्म, पूर्वजांचं मूळ आणि राष्ट्रीय मूळ एवढेच आधार होते. १९७५ मध्ये लिंग, वैवाहिक स्थिती, लैंगिक कल आणि राजकीय विचार यांची भर पडली, १९७९ मध्ये वय आणि पालकत्व यांची. १९८६ मध्ये अपंगत्व आलं, १९९९ मध्ये लिंगओळख. हे सगळं सरळ झालं नाही. लैंगिक कलाच्या आधारावरचं संरक्षण काढून टाकण्यासाठी १९७८ मध्ये पुन्हा सार्वमत घेतलं गेलं. या वेळी सुमारे ६३ टक्के मतदारांनी ते संरक्षण कायम ठेवलं. चौदा वर्षांत तेच शहर इतकं बदललं. त्या काळात तक्रारी घेणारं, लोकांत जाऊन बोलणारं खातं जागेवर होतं. या बदलात त्याचाही वाटा आहे असं आम्ही मानतो.

आयोग आणि कार्यालय यांत लोक फार गोंधळ करतात. कार्यालयात पगारी कर्मचारी असतात. ते तक्रारी नोंदवतात, चौकशी करतात, निष्कर्ष देतात. आयोग नागरिकांचा असतो. त्याचे सदस्य बिनपगारी, काही महापौरांनी नेमलेले, काही कौन्सिलने आणि काही आयोगाने स्वतः निवडलेले. मानवी हक्क आयोगाच्या जोडीला महिलांसाठी, एलजीबीटीक्यू समाजासाठी आणि अपंग व्यक्तींसाठीही शहराचे वेगळे आयोग आहेत. बैठका सर्वांना खुल्या असतात. आयोगाचं मुख्य काम सल्ला देण्याचं: कौन्सिलपुढे कोणता विषय यावा, कोणत्या कायद्यात काय राहून गेलं, कोणत्या वस्तीचं कोणी ऐकत नाही. अशा आयोगांचं नेहमीचं दुखणं म्हणजे रिकाम्या जागा. नेमणुका रखडल्या की गणपूर्ती होत नाही आणि महिनोन्‌महिने ठराव अडकून पडतात. कुठल्याही शहरात असा आयोग नेमणाऱ्यांनी घटना लिहितानाच मुदत संपलेल्या जागा किती दिवसांत भरायच्या ते लिहून ठेवावं.

मानवी हक्क आयोगाला सल्ल्यापलीकडचं एक कामही आहे, आणि ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. कार्यालयाने चौकशीअंती ‘भेदभाव झाल्याचं दिसत नाही’ असं म्हटलं, तर तक्रारदार आयोगाकडे अपील करू शकतो. चौकशी अपुरी वाटली तर आयोग प्रकरण परत पाठवतो.

२००४ मध्ये महापौर ग्रेग निकल्स यांच्या काळात शहराने वांशिक आणि सामाजिक न्यायाचा उपक्रम सुरू केला. व्यक्तीने केलेला भेदभाव एवढाच त्याचा विषय नव्हता. महापालिकेच्या स्वतःच्या नियमांतून नकळत होणारा भेदभाव शोधायचा होता. रस्त्यावरच्या दिव्यांचं उदाहरण घ्या. दिवा गेला की नागरिकाने कळवायचं, मग वीज विभाग तो बदलणार, अशी पद्धत होती. वरवर अगदी समान. पण तक्रार करायची सवय, वेळ आणि इंग्रजी ज्यांच्याकडे, त्यांच्याच गल्लीत लवकर उजेड पडे. स्थलांतरितांच्या वस्त्या अंधारात राहत. मग तक्रारीची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकाने भागाभागातले दिवे बदलायचं ठरलं. असे प्रश्न पकडण्यासाठी शहराने एक सहा टप्प्यांची पद्धत बसवली. आधी साध्य काय ते ठरवायचं, मग संबंधित लोकांना विचारून आकडेवारी पाहायची, फायदा कोणाला आणि भार कोणावर ते काढायचं, नुकसान कमी करण्याचा उपाय योजायचा, परिणाम तपासायचा आणि शेवटी अहवाल द्यायचा. हे कोष्टक निर्णय झाल्यावर भरलं तर ते निव्वळ कागद होतं. अंदाजपत्रक ठरण्याआधी भरलं तरच त्याचा उपयोग.

आता जात. ही चर्चा अमेरिकेत अलीकडे उपटली असं अनेकांना वाटतं, पण तिचं मूळ शंभर वर्षांमागचं आणि मराठी माणसांपाशी जाणारं आहे. पुढे ज्ञानकोशकार म्हणून ओळखले गेलेले श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना भारतातल्या जातिसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. जातीची दोन लक्षणं त्यांनी सांगितली: सदस्यत्व जन्मानेच मिळतं आणि गटाबाहेर लग्नाला मनाई असते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वाचलेल्या निबंधात ही व्याख्या तपासली. ही दोन लक्षणं म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, गाभा स्वजातिविवाहाचाच, असं त्यांनी मांडलं. हिंदू लोक पृथ्वीवर अन्यत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल, हे केतकरांचं वाक्यही त्यांनी त्यात उद्धृत केलं. सिअ‍ॅटलच्या कायद्यातली जातीची व्याख्या वाचली की जन्माने मिळणारा दर्जा, गटांतर्गत विवाह आणि सामाजिक बंधनं हेच शब्द भेटतात.

अलीकडच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. २०१८ मध्ये इक्वॅलिटी लॅब्ज या संस्थेने अमेरिकेतल्या जातिभेदावर पाहणी प्रसिद्ध केली. नमुना यादृच्छिक नसल्याची, म्हणजे माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली नसल्याची टीका तिच्यावर झाली आणि ती टीका पद्धतीपुरती योग्यच होती. पण लोकांनी सांगितलेले अनुभव त्यामुळे खोटे ठरत नाहीत. २०१९ च्या अखेरीस ब्रँडाइस विद्यापीठाने आपल्या धोरणात जात घातली. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. २०२१ मध्ये सांता क्लारा काउंटीच्या मानवी हक्क आयोगाने या विषयावर जाहीर सुनावणी घेतली. २०२२ च्या सुरुवातीला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सगळ्या, म्हणजे २३ कॅम्पससाठी जात हा संरक्षित आधार मानला.

सिअ‍ॅटलमध्ये आंबेडकरवादी संघटना ठरावाच्या बाजूने उभ्या राहिल्या, हिंदू अमेरिकन संघटना विरोधात. विरोधकांचं म्हणणं दोन मुद्द्यांचं होतं. ‘पूर्वजांचं मूळ’ यात जात येतेच, आणि वेगळा शब्द घातल्याने सगळ्या दक्षिण आशियाई लोकांकडे संशयाने पाहिलं जाईल. एकमेव विरोधी मत देणाऱ्या सारा नेल्सन यांनी पुरेशी माहिती नसल्याचा आणि शहरावर खटले येण्याचा मुद्दा मांडला. संशयाचा मुद्दा गांभीर्याने घ्यायला हवा, पण कायद्याची भाषा कोणत्याही एका धर्माचं नाव घेत नाही. जातीवरून कोणालाही छळलं, मग ती जात कोणतीही असो, तर कायदा लागू होतो.

आपल्याकडच्या ॲट्रॉसिटी कायद्याशी याची तुलना करताना जपून राहावं. सिअ‍ॅटलचा कायदा दिवाणी स्वरूपाचा आहे. अटक नाही, जातीचा दाखला नाही, अनुसूची नाही. नोकरीतली भरती, बढती, पगार, कामाची परिस्थिती, घरभाडं आणि घरविक्री, हॉटेल, दुकान, सार्वजनिक वाहतूक एवढं त्याचं क्षेत्र. नोकरीतल्या प्रसंगाची तक्रार १८ महिन्यांत, घराबाबतची वर्षभरात नोंदवायची असते. त्याला फी लागत नाही. समोरच्याला नोटीस जाते, त्याचं उत्तर येतं, साक्षीदारांशी बोलणं होतं. मधल्या काळात तडजोडीची वाट खुली असते. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हा स्वतंत्र गुन्हा नसला तरी स्वतंत्र उल्लंघन आहे.

अडतं ते पुराव्यावर. वंश दिसतो, जात विचारून काढली जाते: आडनावावरून, गावावरून, ‘घरी नॉनव्हेज चालतं का’ यावरून, पाठीवर थाप मारताना जानवं चाचपून, आयआयटीतला प्रवेश कोणत्या यादीतून झाला ते विचारून. यातलं प्रत्येक वाक्य सुटं पाहिलं तर निरुपद्रवी दिसतं. म्हणून तारीख, हजर असलेले लोक आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवणं, मूळ भाषेतच लिहिणं, आणि त्यानंतर कामाच्या वाटपात किंवा मूल्यमापनात काय बदल झाला ते जोडणं महत्त्वाचं. सगळ्यात मोठी भीती व्हिसाची. एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते. त्याच्यापुढे कितीही चांगला कायदा ठेवला तरी तो दोनदा विचार करतो.

दुसरी अडचण हद्दीची. कायदा सिअ‍ॅटल शहरापुरताच. लेक वॉशिंग्टनचा पूल ओलांडला की बेल्व्ह्यू आणि रेडमंड लागतात. भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती आणि मोठमोठी ऑफिसं तिथे आहेत, आणि तिथे हा कायदा चालत नाही. राज्याच्या कायद्यातही जात हा शब्द नाही.

कायद्याविरुद्ध नॉर्थ कॅरोलायनातल्या एका रहिवाशाने केलेला दावा २०२४ मध्ये संघीय न्यायालयाने फेटाळला, कारण त्याला स्वतःला काही झळ पोचल्याचं दाखवता आलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराने सिअ‍ॅटलचा मार्ग धरला. पुढच्याच महिन्यात त्या राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून फेटाळलं. आहे त्या कायद्यात जात येतेच, असं त्यांचं कारण होतं. कॅनडात ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगानेही नवा शब्द न घालता, जात आपल्या सध्याच्या आधारांत येते, असं धोरण २०२३ मध्ये जाहीर केलं. तिथे निदान आयोगाने ते लेखी सांगितलं. जिथे तेही नाही, तिथे तक्रारदाराच्या वकिलाला आधी जात म्हणजे पूर्वजांचं मूळ हे सिद्ध करावं लागतं आणि मग झालेल्या प्रसंगाकडे वळावं लागतं. सिअ‍ॅटलमध्ये सुनावणी थेट प्रसंगापासून सुरू होते.