बटरफ्लाय वीड आणि हळदकुंकू: दिसायला जवळची, स्वभावाने दूरची

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानांत, उन्हाळ्यात केशरी गुच्छांनी फुलणारी बटरफ्लाय वीड (अस्क्लेपियस ट्युबरोसा) आणि आपल्या परिचयाची हळदकुंकू (अस्क्लेपियस कुरासाविका) या दोन्ही रुईच्या कुळातील वनस्पती आहेत. हळदकुंकू मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून अमेरिकेतील रोपवाटिकांत ती ट्रॉपिकल मिल्कवीड या नावाने विकली जाते. मोनार्क फुलपाखरांसाठी (त्यांच्या अळ्या याच झाडांची पाने खातात) रोप शोधणारे लोक पुष्कळदा बटरफ्लाय वीड समजून तीच घरी नेतात.

फूल जवळून पाहिले की फरक कळतो. दोहोंच्या पाकळ्या खाली मुडपलेल्या असतात आणि त्यांवर पाच लहान वाट्यांचा मुकुट असतो. हळदकुंकूच्या पाकळ्या सहसा लाल आणि मुकुट पिवळा असतो, तर बटरफ्लाय वीडमध्ये बहुधा दोन्ही केशरीच असतात. फुले नसतील तर एक पान तोडावे: हळदकुंकूतून रुईसारखा पांढरा चीक ओघळतो, बटरफ्लाय वीडचा रस मात्र पाण्यासारखा असतो. हळदकुंकूची पाने समोरासमोर येतात. बटरफ्लाय वीडची बहुतेक एकाआड एक असून तिचे खोड केसाळ असते.

बागेच्या दृष्टीने खरा भेद मुळांत आहे. बटरफ्लाय वीडचे जाड सोटमूळ खोल जाते. त्यामुळे एकदा रुजल्यावर ती कोरडा उन्हाळा सहज सोसते, पण चिकट, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत हिवाळ्यात कुजते. म्हणून तिला भरपूर ऊन आणि निचऱ्याची रेताड जमीन द्यावी, खत घालू नये आणि जागा पहिल्यांदाच विचारपूर्वक ठरवावी, कारण मोठे झाड उपटून दुसरीकडे लावणे तिला मानवत नाही. बियांना थंडी लागते. त्या शरदात पेराव्यात किंवा ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुले यायला सहसा दोन-तीन वर्षे लागतात, आणि एवढी वाट पाहण्याजोगी ती नक्कीच आहे.

हळदकुंकू पहिल्याच वर्षी फुलते, पण तिला नियमित पाणी लागते आणि कडक थंडीत ती मरते. फ्लोरिडासारख्या उबदार भागात ती हिवाळ्यातही हिरवी राहते, आणि तेथे मोनार्कला जडणाऱ्या परजीवीचे बीजाणू तिच्या पानांवर साठत जातात; त्यामुळे तिथे शरदात ती जमिनीलगत छाटावी.

बटरफ्लाय वीड वसंतात फार उशिरा कोंब काढते. तिच्या जागी काठी रोवून खूण ठेवावी, म्हणजे खुरपणी करताना मुळाला इजा होणार नाही.