ओल्नी : चर्च आणि चॅपल

इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यात ग्रेट ऊझ नदीच्या काठी वसलेले ओल्नी हे छोटे बाजारगाव. गावातील सेंट पीटर अँड सेंट पॉल हे पॅरिश चर्च, म्हणजे गावचे अधिकृत चर्च, चौदाव्या शतकातले. त्याच्या मनोऱ्याचा सुमारे ५६ मीटर उंचीचा दगडी सुळका नदीपलीकडूनही नजरेत भरतो. या परगण्यात असे सुळके क्वचितच आढळतात.

१६६२ च्या कायद्याने इंग्लंडभर एकच उपासनापद्धती सक्तीची झाली. ती न मानणाऱ्यांना १६८९ पासून स्वतःची सभागृहे उघडता आली आणि राज्यमान्य ‘चर्च’ व वेगळ्या मंडळ्यांचे ‘चॅपल’ अशी फूट गावोगाव पडली. ओल्नीतही बॅप्टिस्ट (फक्त प्रौढांना बाप्तिस्मा देणाऱ्या) आणि इंडिपेंडंट (प्रत्येक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या) मंडळ्या होत्या. पण इथे दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांकडे जात-येत राहिले. ओल्नीचे खरे मोठेपण या सलोख्यात आहे.

त्याचे बरेच श्रेय १७६४ मध्ये पॅरिश चर्चचे क्युरेट (पाद्री) म्हणून आलेल्या जॉन न्यूटन यांना जाते. ते पूर्वी गुलामवाहू जहाजांचे कप्तान होते. गावात घरोघरी उशीवर बॉबिन (दोऱ्याच्या छोट्या रिळ्या) मांडून लेस विणली जाई. कष्ट फार आणि मजुरी तुटपुंजी. या कष्टकऱ्यांना समजेल अशा साध्या भाषेत न्यूटन बोलत. गर्दी इतकी वाढली की चर्चमध्ये नवी गॅलरी बांधावी लागली. साप्ताहिक प्रार्थनासभांसाठी ते आणि त्यांचे शेजारी, कवी विल्यम कूपर, गीते रचत. त्यांतून १७७९ मध्ये ३४८ गीतांचा ‘ओल्नी हिम्स’ हा संग्रह निघाला. ‘अमेझिंग ग्रेस’ त्यातलेच. ते १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी लिहिले गेले असे मानतात. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मात्र न्यूटन यांनी जाहीरपणे लिहिले ते १७८८ मध्ये, लंडनला गेल्यावर. त्यांच्या थोरवीसोबत हा विलंबही सांगायला हवा.

बॅप्टिस्ट चॅपलचे पाद्री जॉन सटक्लिफ १७७५ पासून १८१४ पर्यंत इथे होते. त्यांच्या मंडळीत विल्यम कॅरी हा तरुण चांभार दाखल झाला. १७८५ मध्ये त्याने सभासदांपुढे प्रवचन केले, पण त्यांचे समाधान झाले नाही. आणखी काही काळ ऐकून मग ठरवू, असा निर्णय झाला. अखेर ऑगस्ट १७८६ मध्ये त्याला उपदेशकाची परवानगी मिळाली. १७९२ मध्ये केटरिंगला बॅप्टिस्ट मिशन स्थापन झाले, त्यात सटक्लिफ आणि कॅरी दोघेही होते. पुढच्याच वर्षी कॅरी बंगालला पोचले. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवताना कॅरींनी पंडित वैजनाथांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण सिद्ध केले, तर १८१० मध्ये मोडी ठशांतला मराठी-इंग्रजी कोश बंगालमधल्या सेरामपूरला छापला. मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या या पुस्तकांचा एक धागा असा थेट ओल्नीच्या चॅपलपर्यंत जातो.

न्यूटन १८०७ मध्ये लंडनला वारले. १८९३ मध्ये त्यांचे अवशेष ओल्नीच्या चर्चच्या आवारात आणून पुरण्यात आले. बॅप्टिस्ट चर्च आज सटक्लिफ यांच्या नावाने ओळखले जाते. लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) आदल्या मंगळवारी गावातल्या बायका हातात तवा घेऊन पॅनकेकची शर्यत धावतात. या प्रथेचा उगम १४४५ मधला असल्याची आख्यायिका आहे. शर्यतीनंतर पॅरिश चर्चमध्ये उपासना होते.