तलावपाळीवरचा उन्हाळा (ठाणे)

तलावपाळीवरचा उन्हाळा : ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठाला सगळे तलावपाळी म्हणतात, आणि फाल्गुन संपत आला की थेट जूनच्या पहिल्या पावसापर्यंत जुन्या ठाण्यातलं निम्मं आयुष्य घरातून उठून या काठावर येतं. त्या तीन महिन्यांच्या राहणीमानाची ही नोंद. पाळ म्हणजे तळ्याचं पाणी अडवायला घातलेला बांध, त्यावरून तलावपाळी. मासुंदा हे नाव पाट्यांवर आणि बातम्यांत दिसतं, रिक्षावाल्याला मात्र कुणी 'मासुंदा' सांगत नाही, 'तलावपाळीला सोडा' एवढंच.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात आणि ते उगाच नाही, आजही पस्तीसच्या आसपास तलाव शिल्लक आहेत आणि पूर्वी याहून बरेच जास्त होते. शिलाहारांच्या काळात, म्हणजे साधारण नवव्या ते तेराव्या शतकात, ठाणं हे श्रीस्थानक नावाने राजधानीचं गाव होतं, देवळं आणि तळी त्या काळापासूनची जोडी. मासुंद्याच्या काठावरचं कौपीनेश्वराचं देऊळ याच परंपरेतलं, आत्ता दिसतं ते बांधकाम मात्र पेशवाईतलं, १७६० च्या सुमाराचं, म्हणजे १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतल्यानंतरचं. देवळापासून थोडं चाललं की सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, दुसऱ्या अंगाला गडकरी रंगायतन, आणि पलीकडे जांभळी नाक्याचा बाजार. देव, नाटक, भाजी आणि पाणी असं सगळं दहा मिनिटांच्या चालीत असल्यामुळे माणसाला तलावपाळीवर यायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांच्या वर गेली, घोडबंदर रोडला तीस-तीस मजली टॉवर उभे राहिले, पण संध्याकाळी सहानंतर तलावपाळीवर उभं राहिलात तर अजूनही शाळेतले सर भेटतात, डॉक्टर भेटतात, आणि 'काय रे, कधी आलास पुण्याहून' असं विचारणारं कुणीतरी नक्की भेटतं.

उन्हाळा इथे सुरू होतो तो पाडव्याच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी तलावाच्या काठावर दीपोत्सव असतो, पाण्याची आरती होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कौपीनेश्वराच्या देवळातून नववर्षाची शोभायात्रा निघते. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका, ढोल-ताशा, लेझीम, वेगवेगळ्या संस्थांचे चित्ररथ, आणि रस्त्याच्या कडेला पाणी-सरबत घेऊन उभे असलेले लोक, कारण सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागतं. यात्रा संपली की पोरंपोरी राम मारुती रोडला जातात, मोठी माणसं श्रीखंडाचा डबा घेऊन घरी. त्यानंतर रामनवमी, हनुमान जयंती, आणि १४ एप्रिल, त्याच्या आदल्या रात्रीपासूनच कोर्ट नाक्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करायला माणसं यायला लागतात. चेंदणी कोळीवाड्यातली मंडळी याच दिवसांत चैत्रातल्या यात्रेला कार्ल्याच्या एकवीरा आईकडे जातात. मग लग्नं. आगरी-कोळी लग्नातली हळद म्हणजे आख्खी रात्र, बेंजोचा आवाज खाडीपलीकडे पोचेल असा, आणि एप्रिल-मे मध्ये एका आठवड्यात तीन-तीन हळदींची आमंत्रणं आलेली घरं इथे कमी नाहीत.

दिवसाचं वेळापत्रकही ऊन ठरवतं. पहाटे साडेपाच ते साडेसात हा चालणाऱ्यांचा वेळ, पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्यालयासमोर कचराळी तलाव आहे तिथे तर सकाळी जागा मिळत नाही इतकी गर्दी, आणि तिथले नियमित येणारे आजोबा लोक एकमेकांना नावाने नाही, फेऱ्यांच्या आकड्याने ओळखतात. अकरानंतर सगळं सामसूम. दुपारी खाडीकडून वारा आला तर ठीक, नाहीतर घामाने जीव नकोसा होतो, कारण ठाण्याचं ऊन कोरडं नसतं, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर, आणि मधे दमट हवा कोंडलेली. अशाच एप्रिलच्या दुपारी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून १४ डब्यांची आणि साधारण ४०० प्रवाशांची गाडी ३४ किलोमीटर येऊन ठाण्याला थांबली, देशातली पहिली प्रवासी रेल्वे. ती तारीख आली की मला दरवर्षी त्या माणसांच्या फेट्यांची आणि कोटांची काळजी वाटते, इतक्या उकाड्यात कसे बसले असतील.

संध्याकाळ मात्र तलावाची. ऊन कललं की पॅडल बोटी सुटतात, भेळ-पाणीपुरीच्या गाड्यांवर कांदा चिरायला लागतात, बर्फाच्या गोळ्यावाल्याकडे कालाखट्टासाठी रांग, कणसं, कुल्फी, फुगे, साबणाचे बुडबुडे. आमच्या लहानपणी घोडागाडीची फेरी हे सुट्टीतलं सगळ्यात मोठं बक्षीस होतं. कट्ट्यावर बसायची जागा ठरलेली असते, म्हणजे लिहिलेली नसते पण ठरलेली असते, देवळाच्या बाजूला म्हातारी मंडळी, रंगायतनच्या बाजूला कॉलेजची मुलं आणि नाटकवाले, मधे बाळांच्या गाड्या घेऊन आलेले आईबाप. इथे बसायला पैसे लागत नाहीत, काही विकत घ्यावं लागत नाही, घरात एसी आहे की नाही कुणी विचारत नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहत होती तेव्हा हा काठ म्हणजे त्यांचं अंगण होतं, आणि वन बीएचकेत राहणाऱ्यांसाठी तो आजही तेवढाच अंगण आहे. माझ्या मते तलावपाळीचं खरं मोल हेच.

मुलांची सुट्टी म्हणजे वेगळा कारभार. समर कॅम्प आता प्रत्येक सोसायटीत आहेत, पण जुन्या ठाण्यात सुट्टीचे दोन पक्के पत्ते होते, एक ग्रंथसंग्रहालय आणि दुसरं रंगायतन. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झालं, मराठी पुस्तकांसाठी काढलेल्या सगळ्यात जुन्या ग्रंथालयांपैकी ते एक, आणि मे महिन्यात एक पुस्तक सकाळी घेऊन संध्याकाळी परत करणारी मुलं तिथल्या काउंटरवरच्या काकांना तोंडपाठ असायची. गडकरी रंगायतन १९७८ चं. सुट्टीत सकाळी बालनाट्य, मध्यंतरात बटाटावडा, नाटक सुटल्यावर समोरच्या तलावाला एक राउंड, आणि मग घरी जाऊन गादीवर तेच नाटक परत करायचं, चादरीचा पडदा लावून. आज इथले कितीतरी लोक नाटकात काम करतात, बॅकस्टेजला आहेत, लिहितात, त्यांना विचारा सुरुवात कुठून झाली, बहुतेकांचं उत्तर याच दोनशे पावलांत सापडेल.

घरातला उन्हाळा जांभळी नाक्यावरून येतो. मार्चमध्येच बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे ढीग लागतात, धणे, खसखस, दगडफूल, तमालपत्र अशी यादी घेऊन बायका येतात, दोन दिवस गच्चीवर मिरची वाळवायची आणि मग डंकावर कुटून आणायची, त्या गल्लीतून जाताना शिंका येणारच. पापड, कुरडया, सांडगे, फेण्या, आणि राखण करायला बसवलेली पोरं जी कावळ्यांपेक्षा जास्त पापडाच्या लाट्या खातात. आता बरेचजण तयार मसाला आणतात, त्यात चूक काही नाही, पण गच्चीची चावी कुणाकडे आहे यावरून होणारी बोलणी आणि त्यातून होणारी ओळख तेवढी कमी झाली. आंब्याचं म्हणाल तर मे महिन्यात गावदेवी मैदानात आंबा महोत्सव भरतो, कोकणातले बागायतदार थेट पेट्या घेऊन येतात, आणि देवगड की रत्नागिरी या वादात दोन्हीकडचे लोक एकमेकांना फोडी चाखायला देतात. येऊरच्या आदिवासी बायका डोंगरातून करवंदं आणि जांभळं आणतात, पानाच्या द्रोणात, ती घ्यायचीच, भाव न करता.

उपवन तलाव येऊरच्या पायथ्याला आहे, तिथला उन्हाळा थोडा निराळा. पाण्यावर खंड्या, बगळे, पाणकावळे, मागे जंगल. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याची माणसं पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून जनावरं मोजतात, कारण वैशाखात जंगलातलं पाणी आटलेलं असतं, प्राण्यांना मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं आणि चांदणंही भरपूर. मेच्या शेवटी झाडांवर काजवे दिसतात. खाडीकडे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाऊस येईपर्यंत थांबलेले असतात, ठाणे खाडीच्या त्या भागाला २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ऐरोलीहून बोटीने ते बघता येतात.

आता जे बघून जीव तुटतो ते. उन्हाळ्यात तलाव आजारी पडतात. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात निर्माल्य, पाव, पिठाचे गोळे, सांडपाणी यांनी शेवाळ वाढलेलं. हे शेवाळ दिवसा प्राणवायू देतं पण रात्री स्वतःच तो वापरतं, म्हणून पहाटे पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी होतो आणि फिरायला येणाऱ्यांना काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो. तलावात कारंजी लावतात ती शोभेपुरती नसतात, पाणी उडालं की हवा मिसळते. माशांना खायला घातल्याने पुण्य मिळतं असं समजून पावाची आख्खी लादी पाण्यात टाकणाऱ्या काकूंना मी स्वतः दोनदा सांगितलंय, दुसऱ्या वेळी त्यांनी ऐकलं, आणि नंतर त्याच दुसऱ्यांना सांगताना दिसल्या. दुसरं दुखणं जागेचं. काठाकाठाने गाड्या लागतात, फुटपाथवर बाईक, एखाद्या कार्यक्रमाच्या मांडवासाठी आठ-आठ दिवस कट्टा बंद, आणि म्हातारी माणसं रस्त्यातून चालतात. तलाव सुशोभित करायला कुणाची ना नाही, दिवे लावा, रेलिंग लावा, पण बसायची जागा कमी होता कामा नये, कारण बसायला जागा नसेल तर तो नुसता बघायचा तलाव होईल.

मे अखेरीस नळाला पाणी कमी येतं, कधी शटडाऊन, सोसायटीत टँकर, व्हॉट्सअ‍ॅपवर वेळा फिरतात. ठाण्याचं पिण्याचं पाणी भातसा-उल्हासच्या बाजूने येतं, या तलावांचं कुणी पीत नाही, तरी लोकांची नजर मासुंद्याच्या भिंतीवरच्या ओल्या रेघेवर असते. माझे बाबा रोज संध्याकाळी ती रेघ बघायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, आज अजून एक वीत खाली गेलंय. मग जूनमधल्या कुठल्या तरी संध्याकाळी येऊरवर काळं दाटून यायचं, भेळवाले प्लास्टिक ओढायला लागायचे, बोटी काठाला यायच्या, आणि पहिल्या सरीत सगळे कौपीनेश्वराच्या आवारात शिरायचे, ओळखीचे-अनोळखी एकत्र, चपला हातात. १५ जूनच्या आसपास शाळा सुरू. दुसऱ्या दिवशी बाबा छत्री घेऊन रेघ बघायला गेलेले असायचे.