भूजलातील इंधनदूषणाचे निरीक्षण

जमिनीखालच्या टाक्या, नळवाहिन्या किंवा साठवण डेपो यांतून गळलेले पेट्रोल, डिझेल वा विमानाचे इंधन भूजलापर्यंत पोहोचले आहे काय आणि ते कोणत्या दिशेने सरकते आहे, हे ठराविक जागी घेतलेल्या अरुंद विहिरींतील पाणी वेळोवेळी तपासून ठरवण्याची पद्धत. या विहिरींना निरीक्षण विहिरी किंवा नमुना विहिरी म्हणतात. बहुतेकींचा व्यास ५ ते १० सेंमी. असतो आणि त्यांचे पाणी वापरासाठी उपसले जात नाही.

गळलेले इंधन खाली उतरताना काही अंशी मातीच्या कणांना चिकटते आणि त्यातल्या काहीची वाफ होते. उरलेले पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलपातळीवर थर धरून पसरते. या थरातून बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन व झायलीन ही द्रव्ये हळूहळू पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाबरोबर पुढे जातात. त्यांपैकी बेन्झीन माणसात कर्करोग घडवते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील बेन्झीनसाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य ठरवले आहे, तर अमेरिकेत कायदेशीर मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या बेन्झीनचा ना वास येतो, ना चव कळते. म्हणूनच नाकाच्या भरवशावर राहता येत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई (मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर) हे द्रव्य याहून त्रासदायक ठरले. ते पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि सावकाश विघटित होते. त्यामुळे प्रवाहाबरोबर लांबत जाणाऱ्या दूषित पाण्याच्या पट्ट्यात ते बेन्झीनच्या पुष्कळ पुढे धावते. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये याच द्रव्यामुळे पाणीपुरवठ्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या.

विहीर घेताना सर्वांत मोठी चूक होते ती खोलीची. चिरा पाडलेला पाइप, म्हणजे ज्यातून पाणी आत येते तो भाग, भूजलपातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पोहोचला पाहिजे. तो संपूर्ण पाण्याखाली बसवला, तर वर तरंगणारे इंधन विहिरीत शिरतच नाही आणि अहवाल स्वच्छ येतो. पातळी ऋतुमानानुसार वरखाली होते, हेही धरून चालावे लागते. चिरांभोवती धुतलेली वाळू भरतात, तिच्यावर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीचा थर देतात आणि उरलेली पोकळी सिमेंटच्या मिश्रणाने बुजवतात. एवढी काळजी घेतली नाही, तर पृष्ठभागावर सांडलेले तेल पाइपाच्या कडेने खाली उतरते. मग दूषण शोधायला केलेली विहीरच दूषणाची वाट बनते.

प्रवाहाची दिशा कळण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींतील पातळी मोजावी लागते. एक विहीर प्रवाहाच्या दृष्टीने गळतीच्या जागेच्या वरच्या अंगाला असावी, म्हणजे बाहेरून येणारे दूषण वेगळे ओळखता येते. बाकीच्या खालच्या अंगाला हव्यात. भेगाळ खडकात मात्र ही मांडणी अपुरी पडते. तिथे पाणी भेगांतून वाट काढते आणि काही मीटरवरच्या विहिरीत दूषण दिसणारही नाही.

नमुना घेण्याआधी तेल आणि पाणी यांची सीमा ओळखणारा शोधक सोडून तरंगत्या थराची जाडी मोजतात. विहिरीत दिसणारी जाडी बहुधा भोवतालच्या जमिनीतल्या जाडीपेक्षा जास्त असते, म्हणून तिच्यावरून गळतीचे आकारमान थेट काढणे धोक्याचे आहे. पाइपात साचून राहिलेले पाणी जमिनीतल्या पाण्याचे प्रतिनिधित्व करत नाही. ते काढून टाकतात, किंवा मिनिटाला १०० ते ५०० मिलि. इतक्या मंद गतीने उपसत सामू (पीएच), विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर होण्याची वाट पाहतात. नमुना ४० मिलि.च्या काचेच्या कुप्यांत काठोकाठ भरतात. वर बुडबुडा राहिला, तर उडून जाणारी द्रव्ये त्यात निसटतात आणि प्रयोगशाळेत खऱ्यापेक्षा कमी आकडा येतो. कुप्यांत आम्ल घालून त्या बर्फात ठेवल्या जातात. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी जाते, तिच्यात बेन्झीन सापडले तर प्रवासातच काही गडबड झाली असे समजते.

अमेरिकेने १९८८ च्या नियमांत भूमिगत टाक्यांची गळती ओळखण्याचा एक मार्ग म्हणून या विहिरींना मान्यता दिली. अट अशी की भूजल पृष्ठभागापासून २० फुटांहून खोल नसावे आणि तरंगते इंधन एक अष्टमांश इंच असतानाही ओळखता यावे. अट रास्त आहे, पण ती फक्त तरंगत्या थराची आहे. विरघळलेले दूषण कळायला प्रयोगशाळाच लागते.

हवाई बेटांपैकी ओआहूवरील रेड हिल येथे अमेरिकी नौदलाच्या प्रचंड भूमिगत टाक्या पिण्याच्या पाण्याच्या जलधरापासून (पाणी साठवणाऱ्या खडकथरापासून) सुमारे ३० मी. उंचीवर होत्या. तिथे २०१४ मध्ये सुमारे २७,००० गॅलन इंधन गळाले. २०२१ मध्ये इंधन पाणीपुरवठ्यातच शिरले आणि नळाच्या पाण्याला वास येतो अशी तक्रार रहिवाशांनी केली. निरीक्षणाचे सारे काम हा क्षण येऊ नये यासाठीच असते.

एकाच फेरीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे मला अयोग्य वाटते. भूजलपातळी उतरली की इंधन मातीत लेपून राहते, चढली की पुन्हा पाण्यात मिसळते. त्यामुळे प्रमाण घटल्याचा भास एका ऋतूपुरता असू शकतो. काही वर्षांची मालिका हाती आली, तरच पट्टा आकसतो आहे की नुसता सरकतो आहे, हे उमगते. जमिनीतील जीवाणू इंधन खातात आणि त्यासाठी ऑक्सिजन, नायट्रेट व सल्फेट वापरतात. बेन्झीन घटते आहे आणि त्याच जागी हे घटकही खर्च झालेले दिसतात, तर ते विघटनाचे भक्कम लक्षण असते. काम संपल्यावर विहीर तशीच सोडत नाहीत. ती तळापासून सिमेंट वा बेंटोनाइटने भरून बुजवली जाते आणि तिची जागा नकाशावर नोंदवली जाते.